परमुलखातले अखेरचे चार दिवस

प्रवासवर्णने वाचण्याचा नाद तुम्हांला असेल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. निघण्याचा दिवस त्यांत मोठा ऐसपैस असतो. हारतुरे, निरोप, पासपोर्टाची धावपळ, विमानातली जागून काढलेली पहिली रात्र, सगळे काही असते. परतीचे दिवस मात्र लेखक दोन ओळींत उरकतो. आणखी चार दिवस राहून मी स्वदेशी परतलो, एवढे लिहून तो मोकळा होतो. त्या चार दिवसांत त्याने केले काय, हे कुणी सांगत नाही. सांगण्याजोगे काही घडलेच नाही, असे त्याला वाटत असावे. योजलेले काम संपलेले असते, खिशातले पैसे मोजून खर्चायचे असतात आणि तिकिटाची तारीख अजून उजाडलेली नसते. त्यातून मनुष्य एकटा असला आणि दिवस थंडीचे असले, म्हणजे तर विचारूच नका.

आज मी तुम्हांला नेमके तेच चार दिवस सांगणार आहे. साल २०२४, डिसेंबरच्या २४ पासून २७ तारखेपर्यंत, आणि गाव लंडन.

आधी मी तिथे कशाला गेलो, ते थोडक्यात सांगतो. हिंगोली ही एके काळी लष्कराची छावणी होती, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. फौज निजामाच्या खर्चाची आणि अंमलदार इंग्रज, असा तो हैदराबाद कंटिन्जंटचा मामला होता. १९०३ साली ही फौज मोडून सरकारी हिंदी सैन्यात मिसळून टाकली. त्या छावणीची हकीकत जमवावी, असे बरीच वर्षे मनात होते. पण हिंगोलीची हकीकत हिंगोलीत मिळते थोडीच! काही हैदराबादला, काही दिल्लीला, आणि काही थेट लंडनला. भविष्यनिर्वाह निधीतून थोडी रक्कम उचलली, अर्जित रजा मिळाली ती नेमकी डिसेंबरात, आणि मी एकटाच निघालो.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जुन्या इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. ते नुसते मांडायचे म्हटले तरी सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्या लागतात. वाचनगृहात शाईचे पेन न्यायला मनाई, फक्त शिसपेन्सिल. पिशवी बाहेर कुलपात. जुने पुस्तक उघडायचे ते स्पंजाच्या उतरत्या उशीवर, म्हणजे त्याची पाठ मोडत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात या ग्रंथालयाच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला होता. मी गेलो तेव्हा वर्ष उलटले होते, तरी कारभार पुरता सावरला नव्हता. पुष्कळ गोष्टी तिथल्या माणसांना विचारूनच शोधाव्या लागत. पण विचारले की ती माणसे उठत, छापील याद्या काढत आणि मागितलेला कागद हाती देत.

तिथे मी फिलिप मेडोज टेलरचे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हे पुस्तक हाती घेतले. छपाई १८३९ सालची, भाग तीन. टेलर हा मराठवाड्याला परका नाही. १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गाचा मुलूख त्याच्या ताब्यात होता, आणि ‘तारा’ नावाच्या त्याच्या कादंबरीत आपले तुळजापूर आहे. तर या ठगांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आमची हिंगोली येते. कशी येते ऐका. छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेबलोकांचा त्याच्याशी नित्य व्यवहार. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि गाडीवान यांना वाटेतच संपवले, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. हरिसिंग म्हणजे या भागातल्या ठगांचा नायक! छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसे मारून पुरलेली होती, आणि पुढे ती थडगी उकरली तेव्हा आपण हजर होतो, असे टेलर सांगतो.

लंडनच्या हजारो घरांत ज्यांनी हे पुस्तक वाचले, त्यांना हिंगोली कळली ती एवढीच. नाताळासाठी वाचनगृहे बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या संध्याकाळी मी पुस्तक परत केले, पेन्सिल खिशात टाकली आणि बाहेर आलो. काम संपले होते. विमान २७ च्या रात्री होते.

२४ तारीख खरेदीत गेली. एकट्या माणसाची खरेदी म्हणजे हिशेबाची वही. अमुक पौंड गुणिले एकशे सात, एवढे मनात केल्यावाचून हात पुढे होत नाही. सेंट पँक्रस स्टेशनाच्या मागे एका गल्लीत माझी खोली होती. खोलीखाली वाण्याचे दुकान, दुकानदार बांगलादेशातल्या सिल्हेटचा. तोवर माझा त्याच्याशी पाव आणि दुधापुरता संबंध. त्या दुपारी घरून आईचा फोन आला.

“थंडी लई हाय का रं तिथं?”

“आहे की.”

“मग शेकायला काय करतूस?”

“इथं भिंतीला गरम पाण्याचे नळ असतात, आई.”

“नळानं काय ऊब येती? शेजारी माणसं हायत का कुणी?”

“खाली एक दुकानदार आहे. बांगलादेशचा.”

“मग जाऊन बस की त्याच्यापाशी घडीभर. वरी एकटा काय करतूस?”

आईच्या शब्दाला मान देऊन मी खाली गेलो. भाईसाहेबांनी खोके उलटे करून दिले, त्यावर बसलो. समोर हळदीच्या पुड्या लटकत होत्या. लंडनमध्ये अलीकडे हळदीला मोठा भाव आला आहे. आपली आजी सर्दीला द्यायची ते हळदीचे दूध तिथल्या कॉफीच्या दुकानांत चांगल्या महागड्या दराने विकतात. मी पुडी उलटून पाहिली. उत्पादन भारत, एवढेच लिहिलेले. मी सांगितले, “आमच्या जिल्ह्यात हळद हे मोठं पीक. वसमतच्या हळदीला २०२४ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय.” भाईसाहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “हल्दी तो सब पीली है, भाई!”

मी हसलो खरा, पण ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. शेतकऱ्याने नऊ महिने हळद सांभाळायची, काढायची, शिजवायची, वाळवायची, घोळायची, आणि दुकानात टांगली की ती नुसती पिवळी. गावाचे नाव गळून गेले. टेलरच्या पुस्तकात नाव राहिले, ते ठगाच्या संगतीने!

निघताना भाईसाहेब म्हणाले, “कल कुछ नहीं चलेगा. पैर हैं तो चलो.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी गाडी नाही, बस नाही, दुकाने बंद, ग्रंथालये बंद. एवढे अफाट शहर, पण आपल्याकडे ऐन दुपारी खेडे निजावे तसे निजते. ज्याला घर आहे तो घरात. ज्याला नाही त्याला पाय.

मी चालायचे ठरवले. किंग्ज क्रॉसपाशी रीजंट्स कॅनाल नावाचा कालवा आहे, १८२० साली पुरा झालेला. पूर्वी घोडे काठावरून चालत आणि दोरीने नावा ओढत. त्या घोड्यांची वाट आता पायी चालणाऱ्यांची झाली आहे. बर्फ नव्हते. लंडनचा नाताळ म्हणजे चित्रातले पांढरे बर्फ, ही आपली समजूत. प्रत्यक्षात राखी आभाळ आणि ओलसर गारवा, आपल्याकडे आषाढात भिंतींना येतो तसा. पाण्यावर बदके. समोरून येणारा एखादा म्हातारा आपल्याला शुभेच्छा देऊन पुढे जाई. बाकी मी आणि माझ्या बुटांचा आवाज.

त्या वाटेने कॅमडन ओलांडून मी वर आलो आणि प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीला वळसा घालून किंग हेन्रीज रोडवर पोचलो. तिथे १० नंबरचे घर. १९२१–२२ साली डॉ. आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले, आणि आता तिथे स्मारक आहे. त्या दिवशी दार बंद, म्हणून मी समोरच्या पायवाटेवर उभा राहूनच पाहिले. तिशीतला एक विद्यार्थी या दारातून सकाळी निघे, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाची, आणि बंद होण्याची वेळ झाली म्हणजे नाइलाजाने उठे. रात्री भूक लागली की पत्र्यावर पापड भाजून खाई, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. ज्या ग्रंथालयात ते वाचत, त्याचाच संग्रह १९७३ साली ब्रिटिश लायब्ररीत आला. म्हणजे मी तीन आठवडे जिथे बसलो, ती त्याच घराण्यातली जागा.

मला तिथे एक हिशेब सुचला. मी लंडनला आलो तो आमच्याविषयी इंग्रजांनी काय लिहिले ते पाहायला. आंबेडकरांनीही इंग्रजांचे कागद वाचले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. रुपयाचा प्रश्न घेऊन त्यांनी स्वतःचा ग्रंथ लिहिला, आणि तो १९२३ साली लंडनलाच छापून निघाला. परक्याच्या दप्तरातून आपल्यासंबंधी उतारे काढून आणणे ही अर्धी मजल. उरलेली अर्धी आपली आपणच लिहायची असते.

पुन्हा कालव्याला लागलो. प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांजवळून ती वाट जाते. तासाभराने लिटल व्हेनिस नावाचा भाग आला. रंगीत नावा काठाला बांधलेल्या, काहींच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर. तिथून जवळच हौली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावर निळी पाटी आहे, लोकमान्य टिळक १९१८–१९ साली इथे राहिले म्हणून. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस टिळक लंडनला आले, ते व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी. वय ६२, मधुमेहाचे दुखणे जुने. चिरोलने १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यांना हिंदी असंतोषाचा जनक ठरवले होते, आणि बरेच विपरीतही लिहिले होते. २१ फेब्रुवारी १९१९ ला निकाल विरुद्ध गेला. खर्चाचा भला मोठा बोजा अंगावर आला. दुसरा कुणी पहिल्या बोटीने परतला असता. टिळक नोव्हेंबरापर्यंत राहिले आणि स्वराज्याची मागणी तिथल्या लोकांपुढे मांडत राहिले. परमुलखात शेवटचे दिवस कसे घालवावेत, याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

चार वाजायच्या आत अंधार पडला. अंधारातून खोलीवर आलो, तेव्हा पाय बोलत होते, पण मन हलके होते. दिवसभरात एका पेनीचाही खर्च झाला नव्हता, हा नफा वेगळाच.

२६ तारखेला गाड्या थोड्याफार चालू झाल्या. थोडे भुयारी रेल्वेने, थोडे बसने, असे करत मी साउथहॉलला गेलो. हे लंडनच्या पश्चिमेचे पंजाबी गाव म्हणा ना. गुरू नानक रोडचा मोठा गुरुद्वारा पाहायचा होता, आणि खरे सांगायचे तर गरम पोळी-वरण खायचे होते. डिसेंबर अखेरचे हे दिवस गुरू गोविंदसिंहांच्या मुलांच्या हौतात्म्याच्या स्मरणाचे, त्यामुळे गर्दी होती आणि गर्दीत एक गांभीर्य होते. लंगरच्या पंगतीत माझ्या शेजारी एक वृद्ध सरदारजी बसले होते. त्यांनी विचारले, कुठून आलात? हिंगोली म्हटल्यावर त्यांना बोध होईना. मी म्हणालो, “नांदेडच्या शेजारी.”

“हुजूर साहिब!” त्यांचा हात कपाळाशी गेला. आजूबाजूची दोघे-तिघे माझ्याकडे वळून बघू लागली. गुरू गोविंदसिंहांचे निर्वाण १७०८ साली नांदेडला झाले. आमचा शेजारधर्म लंडनमध्ये एवढा कामी येईल, असे वाटले नव्हते. मग मी म्हटले, “आमच्याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नावाचं गाव आहे. नामदेवांचा जन्म तिथला, असं आम्ही मानतो.”

सरदारजी क्षणभर काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “भगत नामदेव जी? उनकी बाणी तो हम पढ़ते हैं।” आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायला लावली.

नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत, हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो. पण लंडनच्या धुरकट दुपारी, बाराही महिने, जिथे जिथे तो ग्रंथ उघडला जातो तिथे नर्सीच्या माणसाचे शब्द उच्चारले जातात, हे मला त्या पंगतीत बसून उमगले. ना तिकीट, ना पासपोर्ट. पंढरपुरापासून पंजाबापर्यंत तो मनुष्य पायी हिंडला, घुमानला राहिला, आणि त्याचे शब्द त्याच्यामागून सातासमुद्रापार गेले.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. ग्रंथालयातल्या कागदावर माझा जिल्हा ठगाचा, पंगतीतल्या माणसाच्या तोंडी तो नामदेवांचा. दोन्ही गोष्टी आपल्याच. कुणी म्हणेल, मग कागद कशाला हवेत, तोंडची परंपराच पुरे. पण तसे नाही. नामदेव गेले १३५० साली. त्यांची ही पदे आदिग्रंथात घेतली गुरू अर्जुनदेवांनी, १६०४ साली. मधली अडीचशे वर्षे ती कुणीतरी म्हटली, कुणीतरी उतरून घेतली, कुणीतरी पोथी जपली. त्या जपणाऱ्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी आळस केला असता, तर साउथहॉलच्या त्या पंगतीत माझ्या गावाची ओळख देणारे काहीच नव्हते.

२७ ला धुके पडले. विमाने उशिरा सुटतील असे सांगत होते. दिवसभर मी सामान भरले. चॉकलेटे मोठ्या पेटीत आणि टिपणांच्या वह्या हातातल्या पिशवीत, कारण पेटी हरवली तर चॉकलेटे पुन्हा मिळतात. खाली जाऊन भाईसाहेबांचा निरोप घेतला. त्यांना एका कागदावर ‘वसमत’ हा शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि म्हटले, “घाऊक व्यापाऱ्याला विचारा, ही हळद मिळते का.” त्यांनी तो कागद गल्ल्यामागे चिकटवला. विचारले असेल की नाही, देव जाणे.

विमानात झोप येईना. मी पुन्हापुन्हा एकाच गोष्टीचा विचार करत होतो. ठगांची हिंगोली लंडनने जपली. नामदेवांची नर्सी पंजाबाने जपली. मग या दोहोंच्या मधली हिंगोली कुणी जपायची? छावणीला दाणावैरण पुरवणाऱ्या वाण्याच्या चोपड्या, कापसाच्या आडत्यांची जमाखर्चाची बाडे, आपल्या जुन्या दसऱ्याच्या वर्गणीचे कागद, कंटिन्जंटात शिपाई असलेल्या कुणा पणजोबाचे पत्र, मोडीतले खरेदीखत, निजामी अमदानीतल्या उर्दू पावत्या. ते कागद लंडनला नाहीत. असलेच तर तुमच्याआमच्या माळवदाखाली, फडताळात, कुठल्याशा पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि दर पावसाळ्यात वाळवी त्यांतला थोडा थोडा भाग खात आहे. घर पाडून नवे बांधताना रद्दीच्या भावाने जातात ते हेच कागद.

तेव्हा वाचकहो, परदेशी जाऊन आलेला मनुष्य तुमच्यासाठी काय घेऊन आला, असे विचाराल तर माझी भेट एवढीच. येत्या रविवारी ती ट्रंक खाली उतरवा. कागद कडक उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. रबरी फीत आणि टाचण्या काढून टाका, स्वच्छ सुती फडक्यात बांधा, जुने लोक त्याला रुमाल म्हणत. कडुनिंबाचा वाळका पाला घाला. मोडी वाचता येत नसेल तर निदान पाकिटावर लिहा, हे कुणाचे आणि कुठले. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्याने पानापानाचे छायाचित्र घ्या. घरी सांभाळणे होत नसेल, तर राज्याचे पुराभिलेखागार आहे, पुण्याला १९१० पासून काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तुमच्या गावाजवळचे एखादे महाविद्यालय आहे. तिथल्या माणसाला आधी दाखवा. रद्दीवाल्याला शेवटी.

आणि ज्यांना प्रवासाची हौस आहे त्यांना एक सांगणे. तिकीट काढताना शेवटचे तीन-चार दिवस कामावाचून ठेवा, आणि जमले तर ते एकट्याने काढा. त्या दिवसांत स्थळे पाहू नका, पायी हिंडा, खोक्यावर बसून दुकानदाराशी बोला, पंगतीत शेजारच्याला आपल्या गावाचे नाव सांगा. कुणी ते नाव ऐकून कपाळाला हात लावील, कुणी हळद सगळी पिवळीच म्हणेल. दोघांनाही काय उत्तर द्यायचे, ते घरी परतल्यावर ठरवता येते. मी ते ठरवले आहे. हिंगोलीच्या छावणीची हकीकत मी लिहायला घेतली आहे, आणि तिच्या पहिल्या प्रकरणासाठी मला लंडनचा कागद नको आहे. तुमच्या माळ्यावरचा हवा आहे.